पाडव्याची यादी आणि मिरचीचे पैसे

सल्ल्यासाठी आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्या गावातल्या ताई घरीच काळा मसाला, ज्वारीचे बिबडे (शिजवलेल्या घाट्याचे पापड) आणि उडदाचे पापड करून विकतात. यंदाचं चौथं वर्ष. हंगामात गल्लीतल्या तिघी जणी ३०० रुपये रोजानं मदतीला येतात. गेल्या हंगामात अडीचशे किलो मसाला गेला, ६०० रुपये किलोनं. पापड-बिबडे धरून वर्षाची विक्री अडीच लाखांच्या आसपास. गुढीपाडव्याला पुतण्यानं लॅपटॉपवर त्यांच्या धंद्याचा आराखडा करून दिला. त्यात सहा ध्येयं होती: वर्षभरात उलाढाल दुप्पट, स्वतःचं कांडप यंत्र, स्वतःचा ब्रँड, जळगावला दुकान, सुरत आणि पुण्याला माल, आणि दहा बायकांना काम. सहा महिने झाले, एकही कलम पुढे सरकलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "आते बस कर व माय." मिस्टर शाळेत क्लार्क आहेत, ते विरोध करत नाहीत, पण विषयही काढत नाहीत. मुलगी यंदा दहावीला आहे. यंत्राचा अंदाज अडीच लाखांचा आलाय, पुतण्या म्हणतो ३५ टक्के अनुदान मिळेल. ताई विचारतात, "कर्ज काढून यंत्र घेऊ का? की माझ्यातच चिकाटी नाही म्हणून हे सगळं सोडून देऊ?"

ताई,

चिकाटीचं आधी निकालात काढू. चैत्रात पहाटे चारला उठून ज्वारीचा घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे थापून मोकळं व्हायचं, मग घरच्यांचा डबा करायचा, हे जी बाई चार वर्षं करते, तिला चिकाटी कुणी शिकवू नये. तुमची यादी का सरकली नाही याचं कारण मला तुमच्या स्वभावात सापडलं नाही. ते तुमच्या पत्रातच, तिसऱ्या पानावर, एका वाक्यात सापडलं. त्याच्याकडे येतो.

त्याआधी पुतण्याबद्दल. पोरानं मनापासून काम केलंय. आराखड्याच्या माथ्यावर त्यानं लिहिलंय, "विप्रोही अमळनेरातूनच निघाली!" खरं आहे, १९४५ साली निघाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. पण तुपापासून संगणकापर्यंत यायला त्या कंपनीला पस्तीसेक वर्षं लागली. तुमच्या पुतण्यानं तुम्हाला सहा कलमांसाठी बारा महिने दिलेत.

आणि ते बारा महिने त्यानं सारखे धरलेत, दर महिन्याला विक्री इतकी टक्के वाढणार म्हणून. तुमचा धंदा असा चालत नाही. खान्देशात पापड-मसाल्याचं वर्ष माघात उघडतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिटतं. लेकी माहेरी येतात, जाताना पिशवीत वर्षाचा मसाला नि डबाभर बिबडे घेऊन जातात, आणि मृगाचं आभाळ आलं की गच्ची रिकामी. बरं, यादी केली कधी? पाडव्याला. म्हणजे ऐन हंगामात, जेव्हा तुम्हाला जेवायलाही सवड नव्हती. हंगाम संपला तेव्हा माल संपलेला, आणि मग पावसाळाभर ऊनच नाही. त्या यादीतलं काही व्हायचं कसं? तुम्ही आता, भादव्याच्या तोंडावर, पत्र लिहिलंत. धंद्याच्या बेताला हीच वेळ बरोबर आहे. उडीद बाजारात यायला लागेल, दिवाळीच्या आगेमागे नंदुरबारला ओली लाल मिरची यायला सुरुवात होईल आणि पथारींवर वाळत पडेल.

आता ते वाक्य. तुम्ही लिहिता, "आखाजीनंतर आठ दिवसांत मसाला संपतो, मग दिवाळीपर्यंत लोक फोन करून विचारतात, पण जास्त मिरची घ्यायला तेव्हा हातात पैसे नव्हते." आणि आणखी एका ठिकाणी ओझरतं, "४१,००० रुपये उधारी बाहेर आहे, बहुतेक मिस्टरांच्या शाळेतली, पगार झाला की देतात."

हे दोन धागे एकत्र धरा. गिऱ्हाईक आहे. हात आहेत. चव तर आहेच, नाहीतर दिवाळीपर्यंत फोन कशाला आले असते? अडलंय ते मिरची घेण्याच्या महिन्यातल्या पैशावर. आणि तुम्ही विचारताय यंत्राबद्दल.

यंत्राचा हिशेब मी तुमच्याच आकड्यांवर केला. कांडपाला गावात किलोला ५० रुपये देता. अडीचशे किलोचे वर्षाला झाले १२,५००. यंत्र आलं तर फार तर एवढेच वाचणार, तेही वीजबिल, दुरुस्ती आणि बँकेचं व्याज न धरता. अडीच लाख फिटायला वीस वर्षं. अनुदान समजा पूर्ण ३५ टक्के मिळालं, तरी १,६२,५०० उरतात, म्हणजे तेरा वर्षं. गावाचं कांडप तुम्ही घेणार असाल तर गणित वेगळं, पण मग तुमचा धंदा गिरणीचा झाला, आणि गावात गिरणी आधीच आहे. अनुदान मिळतंय म्हणून वस्तू घेणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. आमच्याच नात्यात एका घराच्या अंगणात अनुदानावर आणलेलं वेफर्सचं यंत्र उभं आहे, त्यावर आता मिरच्यांची कुंडी ठेवतात.

पुढचा प्रश्न जरा दुखरा आहे. एक किलो मसाला तुम्हाला कितीला पडतो? तुम्ही लिहिलंय, सामान ३८०, कांडप ५०, पाकीट १०, म्हणजे ४४०, विक्री ६००, सुटले १६०. पण मिरचीची देठं खुडली, खोबरं-कांदा-धणे भाजले, चाळलं, की वजन घटतं. दहा किलो सामान गेलं आणि नऊ किलो मसाला आला असं धरलं, तर ३८० चे ४२२ होतात. तुमची घट मला माहीत नाही, पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः तोलून बघा. निवडणं-भाजणं दोन बायकांचा अख्खा दिवस खातं असं तुम्हीच म्हणता. दोघींचे ६०० रुपये नऊ किलोवर वाटले की किलोला ६७. त्या दोघींतली एक तुम्ही असाल तरी धरायचे, कारण उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्या जागी कुणाला तरी रोज द्यावाच लागेल. ४२२, ६७, ५० आणि १० मिळून झाले ५४९. सुटले ५१ रुपये.

आता यादीतलं जळगावचं दुकान बघा. स्वतःचं राहू द्या, दुसऱ्याच्या दुकानात ठेवायला दिला आणि त्यानं १५ टक्के मागितले, तर ६०० मागे ९० रुपये त्याचे. किलोमागे ३९ रुपये तोटा. उलाढाल दुप्पट झाली तर तोटाही दुप्पट. नुसत्या "उलाढाल दुप्पट" या कलमाला म्हणूनच मी घाबरतो. ऐकायला छान, पण त्यात तुमच्या हातात काय उरणार हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मसाला संपल्यावरही लोक सहा महिने फोन करतात, याचा एक अर्थ असा की तुमचा भाव कमी आहे. ६६० करून बघा. सगळ्यांना एकदम नको. जुन्या वीस गिऱ्हाइकांना दिवाळीच्या फराळाच्या वेळी सहज सांगा की यंदा मसाला ६६० नं आहे, नोंद करू का? पंधरा जणांनी हो म्हटलं की प्रश्न मिटला. सात-आठच म्हणाले तर ६३० वर या. पण अंदाजानं "लोक घेणार नाहीत" म्हणू नका.

आता बेत. सहा कलमांतलं एकच धरू, आणि ते तुमच्या यादीत नाहीच: येत्या आखाजीपर्यंत साडेतीनशे किलो मसाला, ६६० नं, रोखीनं. पापड-बिबडे गेल्या वर्षाइतकेच, एक किलोही जास्त नाही, कारण हात तेवढेच आहेत. यातून काय होतं ते बघा. आज अडीचशे किलोवर ५१ प्रमाणे पावणेतेरा हजार सुटतात. साडेतीनशे किलोवर १११ प्रमाणे जवळजवळ ३९,०००. तिप्पट झाले, यंत्र नाही, दुकान नाही. शिवाय तुमचा रोज वेगळा.

या आकड्यावरून मागे मागे यायचं. नऊ किलोला एक दिवस, तर साडेतीनशे किलोला एकोणचाळीस दिवस दोघी जणी. हे दिवस काढायचे कुठून? आणि इथे तुमच्या यादीतली सगळ्यात मोठी गफलत आहे. तुमच्या मुलीची दहावी त्यात नाही. अलीकडे दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते नि मार्चच्या मध्याला संपते. घरभर मिरचीचा ठसका, खोकला, ओट्यावर पाट्या, आणि आतल्या खोलीत पोरगी बीजगणित करतेय. सासूबाईंचं "आते बस कर" मला इथूनच आल्यासारखं वाटतं. त्यांना धंदा नकोय असं नाही, त्यांना ते पंचवीस दिवस दिसतायत.

म्हणून तीन फेऱ्या करा. पहिली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून १० फेब्रुवारीच्या आत शंभर किलो. मग परीक्षेपर्यंत आणि परीक्षेत भाजणं पूर्ण बंद. दुसरी २० मार्चनंतर, सव्वाशे किलो. तिसरी आखाजीच्या आठ दिवस आधी संपेल अशी, सव्वाशे. या दोन फेऱ्या बिबड्यांच्या दिवसांतच पडतात, तेव्हा चौथ्या बाईला आत्ताच विचारून ठेवा. एका वेळी सगळी मिरची घ्यायची नसल्यामुळे पैसाही एकदम लागत नाही. पहिल्या फेरीला सामान बेचाळीस हजारांचं, वर रोज आणि कांडप मिळून बारा हजार. चोपन्न हजार उभे करायचे आहेत, अडीच लाख नाही. ते असे: उधारीतले निम्मे तरी आले तर वीस हजार. डिसेंबरात आगाऊ नोंदणी घ्या, साठ घरं, प्रत्येकी दोन किलो, निम्मे पैसे आधी. साठ गुणिले ६६०, झाले ३९,६००. पुढच्या दोन फेऱ्या आधीच्या फेरीच्या पैशांतून निघतात, म्हणून तर रोखीनं म्हणतोय.

आगाऊ मागायला संकोच वाटेल, गावात तर फारच. पण दिवाळीची भिशी लोक वर्षभर भरतातच की. तुम्ही त्यांना सांगताय की मसाला संपायच्या आत तुमचा राखून ठेवते. ज्यांना गेल्या वर्षी नाही म्हणावं लागलं, त्यांच्यापासून सुरुवात करा. ते नंबर फोनमध्ये असतीलच.

कर्ज घ्यायचंच झालं तर मिरचीसाठी, आणि छोटं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत बिनतारण कर्ज असतं. पुतण्या ज्या अनुदानाबद्दल बोलतोय ती केंद्राची २०२० मधली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. तिच्यात यंत्राच्या अनुदानाबरोबर आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी ४०,००० पर्यंतचं बीज भांडवल, गटांच्या संघामार्फत. तुमची नड नेमकी हीच आहे. तुम्ही गटात आहात की नाही हे पत्रात नाही. असाल तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या बचत गटांच्या अभियानाच्या, ताईंना आणि तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा, सध्या अर्ज घेतायत का.

सुरतेचं. तुमची नणंद सुरतेत उधन्याला आहे, आणि अख्खा खान्देश तिकडे राहायला गेलाय, गाडी अमळनेरहून थेट आहे, त्यामुळे मोह होणारच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्याच्या आत माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, परराज्यात करपात्र माल विकला की ही सवलत राहत नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. मसाल्यावर पाच टक्के कर आहे. पापडावर मात्र जीएसटी नाही. तेव्हा सुरतेला पाठवायचेच तर आधी पापड-बिबडे पाठवा, आणि बिबडे त्यात नीट बसतात ना हे एकदा सीएला विचारून घ्या. मसाला नंतर. पुणं आपल्याच राज्यात आहे, पण कुरिअरचा खर्च किलोमागे किती पडतो ते आधी एका पाकिटावर बघा.

"ब्रँड" हा शब्द तूर्त खोडा. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, घटकांची यादी, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, बॅच नंबर, केल्याचा महिना, किती दिवस टिकेल ते, तक्रारीसाठी फोन नंबर आणि अन्न सुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक, एवढं तरी नीट छापा. ती नोंदणी लहान उत्पादकाला वर्षाला १०० रुपयांत मिळते. नसेल केली तर हे काम या महिन्यातलं, कारण नोंदणीशिवाय खाण्याचा माल विकणं नियमात बसत नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे कुणी पैसे मागितले तर उठून या.

दहा बायकांना काम देण्याची तुमची इच्छा मला मनापासून आवडली, पण तिच्या आड एक अडचण आहे. मसाल्याचं प्रमाण फक्त सासूबाईंच्या हातात आहे. "मूठभर", "जरा सढळ", "रंग येईपर्यंत". त्या एक दिवस आजारी पडल्या की भट्टी थंड. पहिल्या फेरीच्या आधी त्यांना वजनकाट्याशेजारी बसवा. त्यांनी मूठ भरायची, तुम्ही तोलून लिहायचं. मिरची किती, धणे किती, दगडफूल किती, खोबरं कोणत्या रंगावर उतरवायचं. त्यांना हा हिशेब वाटू देऊ नका, त्या मसाल्याच्या मालकीण आहेत आणि शेवटचा हात त्यांचाच, हे मोकळेपणानं म्हणा. कागदावर प्रमाण आलं की चौथी, पाचवी बाई घेता येते, त्याआधी नाही.

हा सगळा बेत लॅपटॉपमध्ये नको. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतं ना, दुधाचा हिशेब लिहितो ते? तुम्ही त्यावर महिन्याला तीस नोंदी न चुकता करता आणि दूधवाल्याशी एका लिटरवरून भांडूही शकता. तिथेच लिहा. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेला, कोण, आणि किती रुपये. "मार्केटिंग करणे" असं लिहू नका. "५ डिसेंबर, मी, दहा घरांना फोन" असं लिहा. तुमच्या यादीत "कोण" हा रकानाच नव्हता, सगळीकडे न लिहिता तुम्हीच होतात. महिन्याला एकदा, पगाराच्या रविवारी म्हणा, घरातल्या सगळ्यांनी चहा घेत त्यावरून नजर फिरवायची. एखादी तारीख चुकली तर नवी टाकायची, आणि का चुकली ते दोन शब्दांत शेजारी. अवकाळी पाऊस आला, भाऊबंदाचं लग्न निघालं, हे होणारच. एप्रिलमधले चार दिवस मुद्दाम कोरे ठेवा.

ज्यांचा धंदा मसाल्याचा नाही त्यांनी हेच आपापल्या हंगामाला लावून बघावं. भुसावळला खानावळीचे डबे देणाऱ्याचं वर्ष कॉलेजं उघडण्यावर चालतं, शिरपूरच्या शिंप्याचं जूनच्या गणवेशांवर नि लग्नसराईवर. माल, माणूस, पैसा आणि गिऱ्हाईक यांतलं सगळ्यात आधी काय संपतं, एवढं शोधायला एक संध्याकाळ पुरते. जे आधी संपतं त्यावर पहिला रुपया घालायचा. बहुतेकांचा पहिला रुपया दुकानाच्या पाटीवर जातो.

ताई, यंत्रवाल्याला सध्या फोन करू नका, तो करेल. जळगाव आणि दहा बायका या गोष्टी फाडून टाकू नका, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आखाजीनंतर घट, भाव आणि शिल्लक यांचे तुमचे स्वतःचे आकडे हातात असतील, तेव्हा ते पान उलटून बघू. वाटलं तर तेव्हा पुन्हा लिहा.

आता पहिलं काम, या रविवारचं. उधारीची वही काढा. शाळेतली नावं वेगळ्या कागदावर उतरवा, समोर रक्कम, आणि तो कागद मिस्टरांच्या हातात द्या. मसाला त्यांच्या ओळखीवर गेलाय, पैसेही त्यांच्याच ओळखीनं येतील. ते विषय काढत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, आजवर त्यांना कुणी त्यांचं काम सांगितलेलंच नाही. कागदावर तारीखही घाला, पुढच्या पगाराची.